तलवार उजव्या कमरेला का? (जुन्या फौजी फोटोंबद्दल, आणि माझ्या एका गाढवपणाबद्दल)

रामबागकर | रविवार, रात्री १०:४२

मंडळी, नमस्कार. पाच-सहा वर्षं इथे नुसता वाचत होतो, हा पहिलाच धागा. मराठी इंदूरचं आहे, मधूनमधून हिंदी घुसणारच, सांभाळून घ्या.

मला जुन्या शिपायांचे फोटो जमवायचा नाद आहे. राजेरजवाड्यांचे नाहीत, ते सगळ्यांनाच हवे असतात आणि मला परवडतही नाहीत. साधे शिपाई, नाईक, हवालदार, फार तर एखादा सुभेदार. एकोणिसाव्या शतकातले. सुरुवात खजुरी बाजारात झाली. कवायतीच्या एका जुन्या इंग्रजी पुस्तकात खुणेसाठी म्हणून एक कार्ड खोचलेलं होतं, त्यावरचा माणूस असा रोखून बघत होता की पुस्तक राहिलं बाजूला आणि मी ते कार्डच घेऊन आलो. आज एकोणचाळीस आहेत. बायको त्यांना 'तुमची पलटण' म्हणते. पाहुणे आले की "यांची पलटण बघितली का?" असं विचारून मला अडचणीत आणते.

तर मागच्या रविवारी महूला गेलो होतो. छावणीतला एक जुना बंगला रिकामा झाला, त्यातलं सामान एका अटालेवाल्याने उचललेलं. (इंदूरबाहेरच्यांसाठी: अटाला म्हणजे भंगार, अडगळ.) मच्छरदाणीच्या दांड्या, पितळी नळ, तुटका हॅटस्टँड, आणि त्या ढिगात एक लाकडी पेटी. आत सात फोटो. तो म्हणाला, "भिया, राजा-महाराजा के हैं, तीन हजार." मी म्हटलं, यात राजा कुठला, सगळं पायदळ आहे. अठराशेला दिली.

सातांपैकी पाच साहेबलोकांचे आहेत, मडमा आणि कुत्र्यांसकट. ते राहू द्या. दोन आपल्या माणसांचे आहेत.

पहिला काचेवर आहे. पत्त्याच्या पानापेक्षा थोडा लहान, भोवती पितळेची पातळ महिरप. काचेच्या मागे काळा रंग दिलेला, तो पोपडे धरून उडालाय, त्यामुळे शिपायाच्या खांद्यातून चक्क माझी बोटं दिसतात. दाढी मधोमध भांग पाडून दोन्हीकडे वळवलेली, पागोटं, छातीवर एक पदक. आणि तलवारीची मूठ उजव्या कमरेला.

दुसरा कागदावर, जाड कार्डावर चिकटवलेला. उभा माणूस, हात खुर्चीच्या पाठीवर, मागे रंगवलेला खांब आणि पडदा. यालाही एक पदक. कोट काळा दिसतो. कार्डाची पाठ कोरी, स्टुडिओचं नाव नाही, पण हाताने मोडीत तीन-चार ओळी.

होत्या, असं म्हणायला हवं. पाठीवर धुळीचा थर होता. मी शहाण्याने ओलं फडकं घेतलं आणि पुसलं. दुसऱ्या हाताला फडकं काळं झालं तेव्हा कळलं की ही धूळ नाही.

शिव्या घाला, पण त्याआधी सांगा: हे कोणत्या काळातले असावेत? तलवारीचं काय? आणि ते जुने नावाजलेले फोटोग्राफर राजा दीनदयाळ इंदुरातच होते ना, कार्ड त्यांचं असू शकेल का?

गराडू | रविवार, रात्री ११:०५

डावखुरा असेल हो. एवढं काय. 😀

काचपट्टी | सोमवार, सकाळी ७:२०

डावखुरा नाही. फोटो उलटा आहे.

रामबागकर, काचेवरचा फोटो म्हणजे ॲम्ब्रोटाइप. फ्रेडरिक स्कॉट आर्चरने १८५१ साली ओल्या कलोडियनची रीत जाहीर केली, त्याचंच हे भावंड. काचेवर चिकट कलोडियन ओतायचं, चांदीच्या क्षारात बुडवायचं, ओलं असतानाच कॅमेऱ्यात घालायचं आणि वाळायच्या आत धुवून मोकळं व्हायचं. जी काच कॅमेऱ्यात होती तीच तुमच्या हातात आहे. मागे काळं लावलं की निगेटिव्ह पॉझिटिव्ह दिसते, एवढीच जादू. मध्ये कागदावर छापायची पायरीच नाही, म्हणून आरशातल्यासारखं डावं-उजवं फिरलेलं. काही जण काच पालथी घालून बसवत, मग सुलट दिसायचं. तुमच्या माणसाने तेवढे कष्ट घेतले नाहीत.

आता एक करा. स्कॅन काढा आणि आडवा पलटवा. तलवार डावीकडे येईल. मग पदकाकडे बघा, त्याच्या फितीकडे.

कोट काळा दिसतो म्हणालात ना? कलोडियनला निळा प्रकाश दिसतो, लाल जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे लाल कोट काळा येतो आणि आकाशी फीत पांढरी पडते. तुमचा 'काळा' कोट बहुतेक लालभडक आहे.

उडालेला काळा रंग स्वतः भरायला जाऊ नका. त्या बाजूला स्पिरिट, कोलिन, थुंकी, काहीही लावू नका. थुंकी मुद्दाम लिहिलं, मी लोकांना लावताना पाहिलंय.

रामबागकर | सोमवार, रात्री ९:५०

काचपट्टी, साष्टांग नमस्कार!

पलटवला. तलवार जागेवर आली आणि माणूसच बदलला. आता कसं सांगू, आधी तो जरा अवघडलेला वाटायचा, आता नीट उभा राहिलाय.

पदकाची फीत पांढरी, तिच्यावर दोन काळे उभे पट्टे. पदकाच्या वर आडवी धातूची एक पट्टी. सराफ्यात आमच्या ओळखीचे एक जडावाचं काम करणारे आहेत, त्यांच्याकडून दहापट मोठं दाखवणारी भिंग-नळी आणली होती. पट्टीवर अक्षरं आहेत. वाचता येत नाहीत, पण शब्द दोन आहेत, मध्ये सरळ सरळ जागा सोडलेली दिसते. पहिला शब्द थोडा लांब.

लष्करकर | सोमवार, रात्री १०:३१

दोन शब्द? नक्की? परत मोजा, मग सांगतो.

रामबागकर | सोमवार, रात्री १०:४०

तीनदा मोजले. बायकोकडूनही मोजून घेतले. दोनच.

लष्करकर | सोमवार, रात्री ११:१८

मग ऐका. (मी ग्वाल्हेरचा, लष्कर भागातला. आयडी त्यावरून, फौजेशी माझा संबंध नाही.)

पांढऱ्या फितीवर दोन लाल पट्टे हे १८५७-५८ च्या बंडासाठी इंग्रजांनी काढलेलं पदक. लाल म्हणून तुम्हाला काळे दिसतात. त्या पदकावर पाचच तऱ्हेच्या पट्ट्या मिळत. 'दिल्ली', 'लखनौ', 'डिफेन्स ऑफ लखनौ', 'रिलीफ ऑफ लखनौ', आणि 'सेंट्रल इंडिया'. पहिल्या दोन एका शब्दाच्या, मधल्या दोन तीन शब्दांच्या. दोन शब्दांची फक्त शेवटची. अक्षरं न वाचताही ती कुठली ते कळलं.

सेंट्रल इंडियाची पट्टी म्हणजे इंग्रज सेनापती ह्यू रोजची मोहीम. ती निघालीच मुळी तुमच्या महूहून. झाशीवर एप्रिल १८५८ ला हल्ला, मग काल्पी, आणि जूनमध्ये आमचं ग्वाल्हेर. रोजच्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणी होत्या, हैदराबाद कंटिंजंट होतं. तुमचा माणूस त्यातला कोणीतरी.

म्हणजे राणीसाहेब पडल्या तेव्हा हा पलीकडच्या बाजूला होता. मी रोज फूलबागेवरून, समाधीवरून जातो. लिहिताना जरा विचित्र वाटलं, पण आहे ते आहे.

अवांतर: राणी लक्ष्मीबाईंचा 'एकमेव खरा फोटो' दर सहा महिन्यांनी आमच्या व्हॉट्सॲपवर येतो. पुराव्यानिशी त्यांचा ठरलेला एकही फोटो नाही. कृपया इथे टाकू नये.

शंकासुर | मंगळवार, दुपारी १:१५

आता स्पष्टच विचारतो, राग नसावा. राणीविरुद्ध लढलेल्या, इंग्रजांची पदकं छातीवर लावून मिरवणाऱ्या भाडोत्र्यांचे फोटो जमवून नक्की काय साधतं? त्याच काळातल्या बंडवाल्यांचे जमवा की. १ जुलै १८५७ ला इंदूरच्या रेसिडेन्सीवर सआदत खानाने हल्ला केला, त्याचा फोटो आहे का कुणाकडे?

रामबागकर | मंगळवार, दुपारी ३:०२

शंकासुर, तोच तर घोळ आहे. फोटो काढायला स्टुडिओ लागतो, स्टुडिओला छावणी लागते आणि छावणी इंग्रजांची. जे हरले त्यांच्यापुढे कॅमेरा आला तो बहुतेक कैदेत. माझ्या हाताला जे लागतं ते मी ठेवतो. मिरवतही नाही, कपाटात असतात.

अटलांटिकपार | मंगळवार, सायंकाळी ७:४४

शाळा इंदूरची, सध्या मुक्काम न्यू जर्सी. इथे हा छंद फार मोठा आहे आणि त्याचं कारण यादवी युद्ध. १८६१ ते १८६५, म्हणजे नेमका फोटो स्वस्त झाला त्या काळात युद्ध झालं. गावातली पोरं गणवेश चढवून आधी फोटोवाल्याकडे गेली, मग लढायला.

इकडे काचेपेक्षा लोखंडी पत्र्यावरचे फोटो जास्त, टिनटाइप म्हणतात. १८५६ चं पेटंट. नाव टिनचं पण पत्रा लोखंडाचा, लोहचुंबक ओढ घेतो, ही सोपी परीक्षा. तेही उलटेच येतात. पट्ट्याच्या बकलावर यू एस अक्षरं असतात ती उलटी दिसतात. रामबागकरांच्या तलवारीचाच प्रकार. मी पहिला घेतला तेव्हा बकल सरळ दिसत होतं म्हणून खूश झालो होतो. नंतर कळलं, सरळ दिसतं म्हणजे संशय घ्यायचा. तो नवा बनवलेला निघाला. आता भिंतीवर लावलाय, फजिती म्हणून.

कागदी कार्डांच्या मागे कधीकधी छोटं तिकीट चिकटवलेलं असतं. १८६४ ते १८६६ फोटोवर कर होता, त्याचं. ते दिसलं की साल आयतंच मिळतं. २०१० मध्ये लिलजेनक्विस्ट कुटुंबाने काच आणि पत्र्यावरचे सुमारे ७०० फोटो इथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकले. त्यातल्या बहुतेकांची नावं आजही ठाऊक नाहीत.

आणि एक उलट्या दिशेची गोष्ट. १८६३ च्या जुलैत गेटिसबर्गला एक मेलेला सैनिक सापडला. नाव नाही, पलटण नाही, हातात काचेवरचा एक फोटो, तीन लहान मुलांचा. तेव्हा वर्तमानपत्रात फोटो छापता येत नसे. म्हणून त्या फोटोचं वर्णन छापलं. कोण कुठे बसलंय, कुणी कसले कपडे घातलेत. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावी एका बाईने ते वाचलं आणि ओळखलं, ही आपली मुलं. तो एमॉस ह्युमिस्टन, १५४ व्या न्यूयॉर्क पलटणीतला सार्जंट. त्या मुलांच्या फोटोच्या प्रती विकून सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी गेटिसबर्गला आश्रम काढला.

गराडू | मंगळवार, रात्री ८:१०

हे वाचून माझा डावखुऱ्याचा विनोद मागे घेतो.

बडोद्याची_सून | बुधवार, सकाळी ११:३०

माहितीपूर्ण धागा, वाचनखूण साठवली. माझाही एक अनुभव, सासरच्या गावचा. बडोद्याला गायकवाडांच्या सोन्या-चांदीच्या तोफा होत्या हे ऐकलेलं असेल. तोफेशेजारी उभा गोलंदाज, भरजरी झूल घातलेले बैल, असा 'मूळ फोटो' मला एकाने चार हजाराला दिला. कार्ड जुनं, कडा सोनेरी, पाठ डागाळलेली, वास सुद्धा जुना. घरी आणून भिंगाखाली धरला तर बैलाच्या डोळ्यात ठिपकेच ठिपके. पुस्तकातलं छापील चित्र कापून जुन्या कार्डावर चिकटवलेलं!

तेव्हापासून भिंगाशिवाय खरेदी नाही. खरा अंड्याच्या बलकाचा कागद (अल्ब्युमेन हो, त्यात खरंच अंड्यातला पांढरा भाग असतो) भिंगाखाली ठिपके दाखवत नाही. रंग तांबूस-तपकिरी, उजळ जागा पिवळसर, आणि तिरप्या उजेडात वर बारीक बारीक भेगा. कागद इतका पातळ की आतले तंतू दिसतात. पातळ म्हणूनच कार्डावर चिकटवायचे. कार्डाचे कोपरे काटकोनात असतील तर साधारण आधीचं, गोल असतील तर सत्तरीनंतरचं. पण हे कोपऱ्याचं प्रकरण शंभर टक्के नाही, कारण कोपरे लोक कापतात. अल्बमच्या खाचेत सरकवायला.

काचपट्टी | बुधवार, दुपारी १२:०५

बलक पिवळा असतो, सूनबाई. 😀 बाकी सगळं बरोबर.

दीनदयाळांचं राहिलं. ते रुडकीहून शिकून १८६६ मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला आले, नकाशे आणि अंदाजपत्रकं करायला. कॅमेरा हातात घेतला तो १८७४ च्या सुमाराला. सर हेन्री डेली, ज्यांच्या नावाचं डेली कॉलेज, त्यांनी उत्तेजन दिलं. पुढे हैदराबादला गेले आणि निजामाने 'राजा' केलं. त्यांच्या कामावर नाव असतं, कार्डावर नाहीतर थेट निगेटिव्हवर लिहून छापलेलं. कोऱ्या पाठीचं कार्ड त्यांचं म्हणून विकणारा भेटला तर चहा पाजून निरोप द्या. पलटणीबरोबर फिरणारे, बाजारात तंबू टाकून बसणारे कितीतरी फोटोवाले होते, त्यांनी नाव छापायची चैन केली नाही.

मोडीवाली | बुधवार, रात्री ९:२२

कार्डाची पाठ. मोठा स्कॅन पाठवा, पुढून-मागून. आणि ते फडकं धुतलं असेल तर सांगू नका, मला त्रास होईल.

रामबागकर | बुधवार, रात्री ९:३०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे, ताई. फडकं बायकोने धुतलं.

मोडीवाली | गुरुवार, रात्री १०:५५

बघितलं. बोरूने लिहिलेलं आहे, काजळीची शाई. ही शाई उन्हात शंभर वर्षं टिकते आणि पाण्यात दोन मिनिटं नाही. कारण ती कागदात मुरत नाही, डिंकाने वर बसलेली असते. कुणी नवशिका लिहिणारा नाही, अक्षर कारकुनी आहे, पलटणीतल्या किंवा बाजारातल्या कुणाकडून लिहून घेतलेलं असावं.

जे लागतं ते असं: पहिल्या ओळीत 'शके १८०३'. आकडे नीट आहेत. म्हणजे १८८१-८२. खाली 'मु॥ महू'. मग 'हवालदार', पुढे नाव, ते तुम्ही पुसलंत. त्याखाली 'बिन' (म्हणजे अमक्याचा मुलगा), पुढे परत पुसलेलं. शेवटच्या ओळीत 'जिल्हे रत्नागिरी'. तालुका नाही किंवा होता.

लष्करकर | गुरुवार, रात्री ११:२०

शके १८०३ मिळालं म्हटल्यावर पदकाचं कोडं सुटलं. रामबागकर, कार्डावरच्या माणसाची फीत सगळी गडदच आहे ना, पट्टे न दिसणारी? ते अफगाण युद्धाचं पदक, १८७८ ते ८० चं, १८८१ मध्ये मंजूर झालं. फीत हिरवी, कडेला किरमिजी. दोन्ही रंग कॅमेऱ्याला काळेच.

पदकावर पट्टी नाही. आता कुणीतरी म्हणेल की हा मैवंदचा. मैवंदला २७ जुलै १८८० ला मुंबई इलाख्याच्या पलटणींची वाताहत झाली आणि त्या लढाईची पट्टीच काढली नाही, हे खरं. पण बिनपट्टीचं पदक तर वाटांवर, ठाण्यांवर पहारा करणाऱ्या हजारोंना मिळालं होतं. पट्टी नाही म्हणून मैवंद, असं होत नाही. विकणारे मात्र हमखास तसं सांगतात, कारण किंमत दुप्पट होते.

महूचा_नातू | शुक्रवार, सकाळी ६:४०

धागा पहिल्या दिवसापासून वाचतोय, आज लिहितो.

शंकासुर यांनी भाडोत्री शब्द वापरला. माझे खापरपणजोबा मुंबई इलाख्याच्या पलटणीत होते, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, पेन्शन घेऊन महूलाच राहिले. जातीने महार. गावात ज्यांची सावली चालत नव्हती त्यांना पलटणीत अंगावर कोट, हातात बंदूक आणि पोरांना शाळा मिळाली. बाबासाहेबांचा जन्म महूचा, १८९१ चा. वडील रामजी सकपाळ फौजेत सुभेदार, पलटणीच्या शाळेत शिकवायचे. मग सरकारने आमची भरतीच बंद केली. ती परत सुरू करा म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज लिहिला, तेही फौजेतूनच निवृत्त झालेले. लढले कुणाच्या बाजूने हा प्रश्न बरोबर आहे. पण गावाने त्यांना कुठली बाजू देऊ केली होती, तेही विचारा.

आमच्या घरी खापरपणजोबांचा एक फोटो होता. आजी दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावायची. काच फुटली तेव्हा काच नवी घालायची कुणाला सुचलं नाही, आजी थेट कागदावरच बोट टेकवायची. मी बघितला तेव्हा कपाळापासून छातीपर्यंत लाल डाग होता, त्याखाली पदक होतं की नाही कळायला मार्ग नव्हता. एका पावसाळ्यात कसर लागली आणि तेही गेलं.

रामबागकर, 'जिल्हे रत्नागिरी' वाचल्यापासून झोप लागली नाही, खोटं कशाला बोलू. खापरपणजोबाही हवालदारच होते.

मोडीवाली | शुक्रवार, सकाळी ८:१५

तुमचं लिहिणं वाचून गलबलून आलं. तरीही सांगते, घाई करू नका. मुंबईच्या पायदळाची बरीच भरती कोकणातली. रत्नागिरीचा हवालदार म्हटल्यावर जात, गाव, घर काहीच ठरत नाही. नाव लागू दे.

काचपट्टी | शुक्रवार, सकाळी ९:००

नाव कदाचित लागेल. काजळी म्हणजे शुद्ध कार्बन आणि कार्बन अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश गिळतो. फडक्याने वरचा थर गेला तरी तंतूंच्या खाचांत कण राहतात. डोळ्याला दिसत नाहीत, अवरक्त कॅमेऱ्याला दिसतात. माझ्याकडे तसा बदलून घेतलेला एक जुना डिजिटल कॅमेरा आहे. रामबागकर, मी उज्जैनला असतो, इंदूरला शनिवारी येतो. कार्ड आणा, टपालाने पाठवू नका. प्लास्टिकच्या चिकट पानांच्या अल्बममध्ये ठेवलं असेल तर आजच बाहेर काढा, पण ओढून नाही.

शंकासुर | शुक्रवार, दुपारी २:२०

महूचा_नातू, 'भाडोत्री' शब्द मागे. बाकीचं मत आहे तिथेच आहे.

महूचा_नातू | शुक्रवार, दुपारी २:४१

असू दे. मत बदलायला लिहिलं नव्हतं.

अटलांटिकपार | शनिवार, सकाळी ११:०५

काय झालं? इकडे मी झोपायचा थांबलोय.

रामबागकर | शनिवार, रात्री १०:१२

सांगतो, जेवून बसलोय आत्ता.

काचपट्टी सकाळी आले. पोहे-जिलबी झाली, मग बैठकीचे पडदे ओढले. कार्ड टेबलावर सपाट ठेवलं, दोन्ही बाजूंनी साधे पिवळे दिवे, जुन्या पद्धतीचे, कारण नव्या एलईडीत अवरक्त नसतंच म्हणे. पहिल्या तीन फोटोंत काही नाही. चौथ्याला त्यांनी दिवा अगदी आडवा केला आणि लॅपटॉपवर उजेड-अंधार ताणला. राखाडी कागदावर राखाडी रेघा उमटल्या. मला मोडी येत नाही, मला नुसत्या गाठी दिसल्या. फोटो मोडीवालीताईंना पाठवला आणि आम्ही दोघं आरोग्य तपासणीचा निकाल यायचा असल्यासारखे बसून राहिलो.

पुढचं त्यांनीच लिहावं.

मोडीवाली | शनिवार, रात्री १०:४०

नावाचा पहिला भाग गेलाच आहे. तो मी लावणार नाही, अंदाजही करणार नाही. पण शेवटची दोन अक्षरं स्वच्छ आहेत: 'नाक'. 'बिन'च्या पुढे वडिलांचं नाव, त्याचाही शेवट 'नाक'.

लष्करकर | शनिवार, रात्री १०:५२

कोरेगावच्या स्तंभावर, १८१८ च्या लढाईत पडलेल्यांच्या नावांत जे 'नाक' आहे, तेच?

मोडीवाली | शनिवार, रात्री १०:५५

तेच. महार शिपायांची नावं पलटणीच्या कागदोपत्री अशीच येतात. कार्डावरचा हवालदार महार होता, रत्नागिरी जिल्ह्याचा होता, शके १८०३ मध्ये महूला होता. इथपर्यंत ठाम. यापुढे एक पाऊलही नाही.

महूचा_नातू | रविवार, सकाळी ७:०३

रात्री वाचलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आपलेच असतील." मी म्हटलं, असं म्हणता येत नाही. ती म्हणाली, "मग नसू देत."

रामबागकर | रविवार, सकाळी ९:३०

साहेब, मूळ कार्ड द्यायची माझी तयारी आहे. मनापासून लिहितोय, बायकोशीही बोललो.

महूचा_नातू | रविवार, सकाळी १०:१५

नको. आमच्या घराला ओल आहे, एकदा कसर लागून झालंय. तुमच्याकडे ठेवा. मला मोठी प्रत काढून द्या, पुढची बाजू आणि पाठ, दोन्ही. पाठीचा तो राखाडी फोटो सुद्धा. भिंतीवर जागा आहे. खाली नाव लिहिणार नाही, 'हवालदार, महू, शके १८०३' एवढंच.

रामबागकर | रविवार, सकाळी १०:२०

पुढच्या रविवारी घेऊन येतो. आईंना सांगा, हळदकुंकू काचेवरच.

बडोद्याची_सून | रविवार, दुपारी १२:४५

मधल्या मध्ये एक विचारते. घरी कसं ठेवता तुम्ही सगळे? डांबरगोळ्या चालतात का?

काचपट्टी | रविवार, दुपारी १:३०

डांबरगोळ्या नकोत. आम्लरहित कागदाचं पाकीट, ते पुठ्ठ्याच्या डब्यात, डबा आतल्या भिंतीच्या कपाटात. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात घाम येतो. प्लास्टिक वापरायचंच तर पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन, ज्याला नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसी मुळीच नाही. काचेचे फोटो उभे, एकमेकांवर रचून नाहीत. लिहायचं असेल तर पाकिटावर, तेही फोटो आत घालण्याआधी आणि शिसपेन्सिलीने.

लष्करकर | रविवार, दुपारी २:१०

आणि अटलांटिकपार किंवा कुणीही परदेशातून मागितला तर मूळ पाठवू नका. १९७२ चा पुरातन वस्तूंचा कायदा आहे, शंभर वर्षांवरची कलावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर जाऊ शकत नाही. स्कॅन पाठवा.

अटलांटिकपार | रविवार, सायंकाळी ६:५०

मी मागितलाच नव्हता! (मागणार होतो.)

गराडू | रविवार, रात्री ९:३३

काचेवरच्या माणसाचं काय? त्याला सगळे विसरले.

रामबागकर | रविवार, रात्री १०:०८

विसरलो नाही. तो आणि हवालदार एकाच पेटीत होते, वीस वर्षांच्या अंतराने काढलेले. बाप-लेक? सासरा-जावई? की साहेबाने दोन वेगवेगळ्या ठिकाणी उचललेले दोन अनोळखी? मोडीवालीताईंनी व्यनित विचारायच्या आधीच दम दिलाय, त्यामुळे मी काहीच म्हणत नाही. दोन वेगळ्या पाकिटांत ठेवलेत, पण एकाच डब्यात.

नवा_सभासद_इंदौरी | सोमवार, दुपारी १२:२५

नमस्कार, आजच सदस्य झालो. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत असाच एक फौजी फोटो आहे. तलवार डावीकडे आहे. चालेल का?

रामबागकर | सोमवार, दुपारी १२:२७

चालेल, चालेल. मागची बाजू पुसली नाहीत ना?